‘अजून थोडं मागे’ म्हणू नका

गेल्या जूनमधली गोष्ट. ॲरिझोनातल्या ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर मी पाहुण्यांना घेऊन चालले होते. मॅदर पॉइंटचा लोखंडी कठडा मागे पडला की याव्हापाय पॉइंटपर्यंत पक्की वाट आहे, पण दरीच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. वाट, मग पाच-दहा पावलं खडक, आणि मग काही नाही. तिथं मागून स्वच्छ मराठी कानावर आलं. “अजून थोडं मागे. अजून. अगं आई, दरी येतच नाहीये फोटोत!”

वळून पाहिलं. पंचविशीतला मुलगा मोबाइल आडवा धरून उभा होता. समोर त्याची आई, साठीच्या आसपासची. पायात चपला, वाऱ्यानं फडफडणारी ओढणी एका हातानं सावरत ती हसत हसत मागे सरकत होती. मागे बघत नव्हती. मुलगा सांगतोय म्हटल्यावर बघायचं कशाला? तिच्या टाचेपासून कडा तीन पावलांवर होता.

मी ओरडले, “काकू, थांबा! आहात तिथंच खाली बसा!” मराठीत ऐकल्यामुळं असेल, त्या पटकन बसल्या. मुलगा क्षणभर माझ्यावर चिडला. मग त्यानं फोन खाली घेतला, आईच्या मागे काय आहे ते डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तोवर तो फक्त पडद्यात बघत होता. पडद्यात दरी म्हणजे आईच्या मागचा रंगीत पडदा असतो. त्याला खोली नसते.

तो मुलगा वाईट नव्हता. आईला हे दाखवायचं म्हणून त्यानं सुट्टी काढली होती, गाडी भाड्यानं घेतली होती, पहाटे तीनला उठून तो लास व्हेगासहून गाडी चालवत आला होता. म्हणूनच हे लिहिते आहे. मे महिना तोंडावर आलाय. आई-वडिलांच्या पासपोर्टवर व्हिसाचे शिक्के बसलेत, पुण्या-सांगली-नाशिकच्या घरांत बॅगा भरल्या जाताहेत, मुलांच्या पदवीदान समारंभांच्या तारखा ठरल्यात. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत शेकडो मराठी कुटुंबं एका दिवसात ग्रँड कॅनियनचे पॉइंट बघून यायचा बेत आखतील, आणि नेमके हेच महिने तिथं सगळ्यात घातक असतात. मी चौदा वर्षं फिनिक्समध्ये राहते. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथं नेलंय आणि पुढेही नेणार आहे. तुम्हीही अवश्य जा. पण हे वाचून जा.

आधी ती जागा काय आहे ते नीट डोळ्यांपुढे आणा. आपल्याकडे दरी म्हटलं की आपण पायथ्यापासून वर जातो आणि माथ्यावरून खाली बघतो. इथं माथ्यावर थेट गाडीनं पोचतो. पठार सपाट, पाइनची झाडं, पार्किंग, दुकानं. आपण डोंगरावर आहोत असं वाटतच नाही. प्रत्यक्षात दक्षिण काठाची उंची सुमारे 2100 मीटर आहे. कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा चांगले साडेचारशे मीटर उंच जागी आपण पार्किंगमधून डिकी उघडून पाण्याच्या बाटल्या काढत असतो. तिथून खाली कोलोरॅडो नदी सुमारे दीड किलोमीटर खोल. नदीच्या मार्गानं ही दरी 446 किलोमीटर लांब आहे आणि काही ठिकाणी 29 किलोमीटर रुंद. विरळ हवेत दोन जिने चढले तरी धाप लागते. ती वयाची नाही, उंचीची आहे. पहिला तासभर आई-बाबांना सावकाश चालू द्या.

आणि हो, दरीतून वर आलेली शिखरं बघताना आपल्या माणसांना एक सांगा. दरीतल्या सुळक्यांना विष्णू, शिव, ब्रह्मा अशी नावं आहेत. क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाचा या दरीवरचा ग्रंथ 1882 साली आला. त्याला हे सुळके पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले आणि त्यानं तशी नावं द्यायची प्रथा पाडली. तळाचा काळपट खडक तर विष्णू शिस्ट याच नावानं ओळखला जातो. तो सुमारे 170 कोटी वर्षांचा आहे, आणि आपण ज्यावर उभे असतो तो काठाचा चुनखडक 27 कोटी वर्षांचा. याव्हापायच्या छोट्या संग्रहालयापासून काठावरच्या गावाकडे जाणाऱ्या वाटेवर काळाची मोजपट्टी आखली आहे. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. माझ्या आईला अख्ख्या दरीपेक्षा ती वाट जास्त आवडली. प्रत्येक खडकाच्या नमुन्यावर तिनं हात ठेवून पाहिला. हे सगळं सपाट, सुरक्षित, पक्क्या वाटेवर आहे. कड्याच्या टोकाला जाऊन यापेक्षा वेगळं काहीही दिसत नाही, हे मी इतक्या वेळा जाऊन आल्यावर खात्रीनं सांगते.

आता कड्याबद्दल. राष्ट्रीय उद्यानाचं सांगणं आहे की काठापासून किमान सहा फूट लांब राहा. सहा फूट म्हणजे आडवा झोपलेला माणूस. कठडा फक्त ठरावीक पॉइंटांवर आहे, बाकी मैलोन् मैल काठ उघडा. तो चुनखडक झिजलेला आहे, वर बारीक खडी पसरलेली असते, आणि ज्वारीच्या दाण्यांवर पाय पडावा तसा तिच्यावरून बूट सटकतो. काही ठिकाणी खडकाची फळी नुसती बाहेर आलेली असते, खाली आधार नसतो, आणि वर उभं राहणाऱ्याला ते कळत नाही. वाऱ्याचे झोत अचानक येतात. टोपी उडाली की हात आपोआप तिच्यामागे जातो, आणि हाताच्या मागे तोल. टोपी जाऊ द्या. ओढणी, पदर, स्कार्फ गाडीतून उतरतानाच खोचून घ्या किंवा गाठ मारा. चपला-सँडल गाडीतच ठेवा.

फोटोसाठी मागे सरकायला सांगणं तर या क्षणापासून बंदच करा. मागे सरकायचं ते फोटो काढणाऱ्यानं, तेही आधी वळून बघून. ज्याचा फोटो आहे तो एका जागी उभा राहील. मॅदर पॉइंटवर दरीत शिरलेले दोन चौथरे आहेत, दोन्हींना कठडा आहे. एकावर आई-बाबांना उभं करा, दुसऱ्यावरून तुम्ही काढा. कठडाही असतो, दरीही येते, आणि फोटो एखाद्या मासिकात शोभावा असा येतो. कठड्याच्या पलीकडे उतरून, खडकाच्या टोकावर पाय सोडून काढलेले फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिले असतील. ज्यांचा पाय सटकला त्यांचा फोटो तिथं येत नाही. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या टाफ्ट पॉइंटवरून एक तरुण भारतीय जोडपं पडून गेलं. दोघंही प्रवासाचे, उंच जागांचे फोटो टाकायचे. त्याच वर्षी सेल्फीच्या नादात झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 2011 ते 2017 या काळात जगभरात 259 मृत्यू, आणि त्यांत सर्वांत जास्त भारतात. तो अभ्यास आपल्याच डॉक्टरांनी केला होता. हा आपल्या घरातला प्रश्न आहे.

लहान मुलांचा हात सोडू नका. “ती शहाणी आहे, पळत नाही” हे मी अनेक आयांच्या तोंडून ऐकलंय. खार दिसली की शहाणी मुलगीही पळते.

पण खरं सांगायचं तर कड्याची भीती निदान दिसते. तिथं ज्या दुसऱ्या गोष्टीनं माणसं जातात ती दिसत नाही, आणि आपल्या गडकोट फिरलेल्या मंडळींना तिचाच धोका सगळ्यात जास्त आहे. मला ते बाबांनी शिकवलं. म्हणजे बाबांच्या बाबतीत माझ्याकडून झालेल्या चुकीनं.

आठ वर्षांपूर्वी आई-बाबा पहिल्यांदा आले. बाबा तेव्हा सहासष्टचे, निवृत्त शिक्षक. राजगड, तोरणा कितीदा केलेले, कळसूबाई दोनदा. जूनचा शनिवार. आम्ही फिनिक्सहून निघून अकराच्या सुमाराला पोचलो. पॉइंट बघितले, आणि मग ब्राइट एंजल ट्रेलच्या तोंडाशी बाबा थबकले. रुंद, छान बांधलेली वाट, खेचरं सुद्धा जातात तिच्यावरून. “एवढं लांब आलोय, थोडं उतरून येऊ,” ते म्हणाले. काठावर हवा छान होती, सव्वीस-सत्तावीस अंश असेल. आई वरच थांबली. बाबा आणि मी, दोघांत मिळून अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या.

उतरणं इतकं सोपं होतं की कळलंच नाही. प्रत्येक वळणावर नवं काहीतरी दिसायचं, “त्या वळणापर्यंत जाऊ,” मग पुढचं. पाऊण तासात दीड मैलावरच्या विश्रांतिगृहापाशी पोचलो. तिथं उन्हाळ्यात नळाला पाणी असतं असं मी वाचलं होतं. नळ कोरडा होता. वर वाटेच्या तोंडाशी पाटीवर पाणी बंद असल्याचं लिहिलेलं होतं, ती पाटी आम्ही वाचलीच नव्हती. या उद्यानाचं पाणी उत्तर बाजूच्या झऱ्यातून दरी ओलांडणाऱ्या नळानं येतं. तो नळ 1960 च्या दशकातला आहे आणि वारंवार फुटतो. हे मला नंतर कळलं.

घड्याळात साडेबारा वाजले होते. वर बघितलं तेव्हा प्रथमच ध्यानात आलं की आलो तेवढं, म्हणजे सुमारे 1100 फूट, आता चढायचंय. भर दुपारी, तापलेल्या खडकाच्या भिंतीला लागून, पाण्याशिवाय.

आपल्या सह्याद्रीत गड आधी चढायचा असतो. दम लागला, पाय भरून आले की शरीरच सांगतं, फिर मागे, आणि मागे फिरलं की उतार. आयुष्यभर अंगवळणी पडलेला हिशोब तो. इथं तो उलटा आहे. ताजेतवाने असताना उतार, आणि थकल्यावर चढ. सकाळच्या गारव्यात उतार, भर उन्हात चढ. शरीर सांगतं तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय जितकं खाली जावं तितकं तापमान चढत जातं. काठावर सत्तावीस अंश असताना तळाशी चाळिशी पार झालेली असते, आणि ऐन उन्हाळ्यात सावलीतसुद्धा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरायचा, असा तिथला नियम आहे. तोही धडधाकट माणसासाठी.

अर्ध्या वाटेवर बाबा बोलेनासे झाले. आधी वाटलं, दम वाचवताहेत. मग मी दिलेलं बिस्कीट त्यांनी चिडून बाजूला सारलं. ते कधी चिडत नाहीत. एका वळणावर भिंतीला टेकून उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “आपली एसटी किती वाजता आहे?”

तो प्रश्न मी मरेपर्यंत विसरणार नाही.

उद्यानाचे काही स्वयंसेवक उन्हाळ्यात त्या वाटेवर फिरत असतात, अडचणीत येऊ घातलेल्या लोकांना आधीच गाठायला. तसा एक पन्नाशीचा माणूस वरून येत होता. त्यानं बाबांचे डोळे बघितले, दोन प्रश्न विचारले, आणि त्यांना खडकाच्या सावलीत बसवलं. स्वतःच्या पिशवीतलं पाणी त्यांच्या टोपीवर, मानेवर, शर्टावर ओतलं. शर्ट चिंब झाला. मग खारी बिस्किटं, एकेक घोट पाणी, पुन्हा खारी बिस्किटं. चारनंतर ऊन कललं तसं, शंभर पावलं चालायचं आणि पाच मिनिटं बसायचं, असं करत सातच्या सुमाराला आम्ही वर आलो. आई वाटेच्या तोंडाशी उभी होती. सहा तास ती तिथंच उभी होती. खाली फोन लागत नव्हता.

बाबा वाचले ते त्या माणसामुळं, माझ्या शहाणपणामुळं नव्हे. आणि हे दुबळ्यांचंच होतं असं समजू नका. 2004 च्या जुलैमध्ये बोस्टन मॅरेथॉन धावलेली चोवीस वर्षांची एक तरुणी त्याच दरीत पाण्यावाचून गेली. तिच्याजवळ जेमतेम दीड लिटर पाणी होतं. तिची गोष्ट उद्यानानं लोकांना सावध करण्यासाठी फलकांवर लावली होती. 2024 च्या जून-जुलैत काही आठवड्यांच्या आत तिथल्या वाटांवर एकामागून एक माणसं कोसळून गेली. एक तर वाटेच्या तोंडापासून अवघं शंभर फूट खाली.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. उन्हाळ्यात एका दिवसासाठी जाताय ना, मग खाली उतरूच नका. पॉइंट बघा, काठावरची वाट चाला, तेवढ्यात दिवस भरतो. उतरायचंच असेल तर पहाटे उजाडता उजाडता उतरा आणि दहाच्या आत वर या. दहा ते चार या वेळेत दरीत असू नये, हे उद्यानाचंच सांगणं आहे. परत फिरायची वेळ वर असतानाच ठरवा आणि ती झाली की जिथं असाल तिथून फिरा, पुढचं वळण कितीही बोलावत असलं तरी. साउथ कायबॅब वाटेवर तर पाण्याचा एकही नळ नाही आणि सावली नावालाच. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत, हा बेत कुणी मांडला तर तो कोण आहे, किती ट्रेक केलेत, हे न बघता सरळ नाही म्हणा.

पाणी प्रत्येकाचं वेगळं. काठावरच फिरायचं तरी माणशी दोन लिटर. पण नुसतं पाणी ढोसत राहिलात तर घामातून मीठ जातं, रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि माणूस पाणी पिऊनही आडवा होतो. याबाबतीत आपलं स्वयंपाकघर तिथल्या कुठल्याही दुकानापेक्षा भारी आहे. सांगलीहून आणलेलं भडंग, खारे शेंगदाणे, चिवडा, लिंबाचं लोणचं-पोळी. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत घरून थर्मासमध्ये भरून न्या, जलसंजीवनीची चार पाकिटं पर्समध्ये टाका. आई-बाबांना बीपीची गोळी असेल, विशेषतः लघवी वाढवणारी, किंवा मधुमेह असेल, तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा की दिवसभर उन्हात काय काळजी घ्यायची. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नको. गावात दवाखाना आहे, पण मोठं रुग्णालय फ्लॅगस्टाफला, सुमारे 130 किलोमीटर. पाहुण्यांचा आरोग्यविमा काढला नसेल तर ग्रँड कॅनियन राहू द्या, आधी तो काढा.

कुणी गप्प झालं, चिडचिड करायला लागलं, काहीतरी भलतंच बोललं, मळमळतंय म्हणालं, तर ‘चला, आलंच जवळ’ म्हणून चालवत नेऊ नका. सावली, अंगावर पाणी, खारट काहीतरी, विश्रांती. नाहीच सावरलं तर 911. फोन लागत नसेल तर वाटेवरच्या दुसऱ्या माणसाला निरोप देऊन पुढे धाडा आणि आपण रुग्णाजवळ थांबा.

एका दिवसाच्या सहलीचं गणितही एकदा कागदावर मांडून बघा. लास व्हेगासहून दक्षिण काठ 450 किलोमीटर, एका बाजूला साडेचार तास. जाऊन-येऊन नऊ तास गाडी चालवायची, तीही बहुधा एकट्यानं, कारण आई-बाबांकडे परवाना नसतो. वर पोचेपर्यंत चालवणारा अर्धा झोपेत असतो, आणि मग उरलेल्या चार तासांत दहा पॉइंट ‘उरकायचे’ असतात. ‘अजून थोडं मागे’ तिथं जन्माला येतं. शक्य असेल तर एक रात्र विल्यम्सला किंवा फ्लॅगस्टाफला काढा. घाईत असाल तर हेही समजून घ्या की व्हेगासहून ‘ग्रँड कॅनियन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ सहली वेगळ्याच जागी जातात. काचेचा पूल, म्हणजे 2007 साली खुला झालेला स्कायवॉक, राष्ट्रीय उद्यानात नाहीच. तो पश्चिमेकडे वालापाय लोकांच्या जमिनीवर आहे, तिकीट वेगळं, नजारा वेगळा, आणि व्हेगासहून अंतर निम्म्याहून कमी. तेही बघण्यासारखं आहे. फक्त आपण कुठं चाललोय ते माहीत असू द्या. उत्तर काठाचं तर वेगळंच. 2025 च्या जुलैत तिथं मोठा वणवा लागला आणि जुनं लॉज जळून खाक झालं. त्या बाजूला जायचा विचार असेल तर काय उघडं आहे ते उद्यानाच्या संकेतस्थळावर बघूनच निघा.

दक्षिण काठावर पूर्वेकडचा रस्ता आणि पश्चिमेकडचा, यांतला एकच निवडा. पूर्वेला डेझर्ट व्ह्यूपर्यंत आपली गाडी नेता येते, शेवटी मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी बांधलेला 1932 चा दगडी मनोरा आहे. पश्चिमेच्या हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंदी आणि फुकट शटल बस. ज्यांचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, त्यांच्यासाठी तिथं गाडी नेण्याचा खास परवाना मिळतो, तो प्रवेशद्वारावर मागा. हे कुणी सांगत नाही, आणि मग आजी गाडीत बसून राहते.

आणि परतताना सूर्यास्त बघून अंधारात निघालात, तर वेग कमी ठेवा. त्या रस्त्यावर एल्क येतात, सांबरापेक्षाही मोठं धूड. ती दिव्यांना बुजून बाजूला होत नाहीत. डोळे मिटायला लागले तर गाडी बाजूला घेऊन झोपा, घरी उशिरा पोचलात तरी चालेल.

जुलैपासून सप्टेंबरपर्यंत दुपारी आपल्या वळवासारखे गडगडाटी पाऊस येतात. मेघगर्जना ऐकू आली की काठ सोडायचा, एकट्या झाडाखाली नाही, गाडीत किंवा इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की काठावर बर्फ असतो आणि सावलीतला बर्फ काचेसारखा होतो.

खारींना भडंग घालू नका. फार गोजिरवाण्या दिसतात, पण चावतात, आणि मग मुलाला सुया. नाणी टाकू नका, हे मात्र जरा थांबून सांगते. नदी दिसली की आपला हात खिशाकडे जातो. कृष्णा, गोदावरीच्या पुलावर गाडी आली की आई अजून नाणं टाकते, कपाळाला हात लावते. तिनं तिथंही टाकलं होतं. नदी दीड किलोमीटर खाली, नाणं कुठं पोचणार? ते पडतं कड्याच्या पहिल्या टप्प्यावर. त्या कड्यांवर कॅलिफोर्निया कॉन्डोर राहतात, साडेनऊ फूट पंखांची गिधाडं. 1982 साली साऱ्या जगात ती फक्त 22 उरली होती. पिंजऱ्यात वाढवून 1996 पासून ॲरिझोनात पुन्हा आकाशात सोडली. चकाकणारं काही दिसलं की ती गिळतात, आणि नाण्यातल्या धातूचं त्यांच्या पोटात विष होतं. आईला हे सांगितलं तेव्हा तिला इतकं लागलं की परत येताना गाडीत ती गप्पच होती. आपल्याकडेही गिधाडं कशी गेली ते तिनं पाहिलेलं आहे. आणि हे कुणाचं तरी घर आहे, हेही असू द्या मनात. हवासुपाय लोक या दरीत पिढ्यान् पिढ्या शेती करत होते, त्यांना तिथून हुसकावलं गेलं. ब्राइट एंजल वाटेवरच्या त्यांच्या मळ्याला 2022 साली पुन्हा हवासुपाय गार्डन्स हे नाव मिळालं. आपण घरात पादत्राणं काढून जातो, तसंच वागू.

सहली नेणाऱ्या मंडळींना सांगणं आहे. “एक तास, फोटो स्टॉप” हे शब्द कार्यक्रमपत्रिकेतून काढा. चार पॉइंट कमी दाखवा, पण प्रत्येक ठिकाणी माणसांना बसू द्या. बसमधून उतरण्याआधी माइकवर सहा फूट आणि पाणी, एवढं तरी मराठीत सांगा. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनी उन्हाळी सहलींच्या पत्रकात हे छापावं, व्हॉट्सॲपवर फिरवावं. आणि आई-बाबांनो, तुम्हालाही. मुलगा हौसेनं सांगतोय म्हणून, त्याचा हिरमोड नको म्हणून, नको तिथं उभे राहू नका. “नाही रे, मला भीती वाटते” असं सरळ म्हणा. बाबांनी तेव्हा मला म्हणायला हवं होतं, आणि मी त्यांना.

बाबा तीन वर्षांनी पुन्हा आले, ऑक्टोबरात. होपी पॉइंटवर लाकडी बाकावर कठड्याच्या अलीकडे बसले, मांडीवर भडंगाचा डबा. दोन तास जागचे हलले नाहीत. विष्णूच्या शिखरावरून ऊन उतरताना खडक आधी केशरी झाला, मग जांभळा, मग राखाडी. फोटो एकच काढला, तोही माझा, आणि काढताना मी कठड्याला टेकलेय ना हे दोनदा विचारून.

तुमच्या ओळखीतलं कुणी या शनिवारी निघत असेल तर आज रात्री त्यांना फोन करा. विचारा, माणशी किती पाणी घेतलंय? मीठ-साखर घेतलीय? परतताना गाडी कोण चालवणार, त्याची झोप झालीय का? आणि कुणी “थोडं खाली उतरून येऊ” म्हणालं, तर नाही कोण म्हणणार, ते आत्ताच ठरलंय का?